येशू कुणाला प्रार्थना करत होता?

बाई,

माझे माहेर शिरोळ तालुक्यातले, नृसिंहवाडीच्या जवळ. घरात दत्ताची उपासना, वडील दरवर्षी गुरुचरित्राचे पारायण करतात. लग्न झाले ते वसईच्या कॅथलिक घरात. मी धर्म बदललेला नाही आणि बदल असे कुणी म्हटलेही नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, यंदा तिची फर्स्ट कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी. नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, त्यामुळे कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, अभ्यास माझ्याकडेच येतो.

मध्यंतरी तिने विचारले, "आई, देव एक आहे की तीन?" यूट्यूबवर एकाने पाणी, बर्फ आणि वाफ असे उदाहरण दिले होते, ते मी तिला सांगितले. तिने वर्गात तेच सांगितले, तर सिस्टर म्हणाल्या, हे चूक आहे. का चूक, ते नाही सांगितले. मग घरी येऊन म्हणते, "येशू जर देव आहे तर बागेत गुडघे टेकून तो प्रार्थना कुणाला करत होता? स्वतःलाच?" सासूबाईंनी ऐकले आणि म्हणाल्या, "देवाच्या बाबतीत असल्या चौकशा करायच्या नसतात." ती गप्प झाली. मला ते बरे वाटले नाही.

मला स्वतःला तीन म्हटले की दत्तगुरूच डोळ्यांपुढे येतात. तसे सांगितले तर चालेल का? आणि जे मला पटलेले नाही ते मी मुलीला शिकवायचे, हा खोटेपणा नाही का? त्या दिवशी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सगळे उभे राहून श्रद्धेचे ते मोठे वाक्य म्हणतात, तेव्हा मी काय करायचे?

एक आई, वसई

*

प्रिय ताई,

लेकीला आधी माझी शाबासकी द्या. संडे स्कूलमध्ये माझी हयात गेली. "एक की तीन" हे दरवर्षी कुणीतरी विचारतेच, पण बागेतला प्रश्न विचारणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली, आणि ती बहुधा मागच्या बाकावरची होती. तिचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. तिकडे येते. आधी तो बर्फ निस्तरू, कारण सिस्टरांनी चूक म्हटले ते बरोबर, पण कारण द्यायला हवे होते.

पाणी तेच, थंडीत बर्फ, उकळले की वाफ. म्हणजे देव एकटाच, आणि तो वेळ पडेल तसा कधी पिता होतो, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा. समजायला सोपे आहे, म्हणूनच तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये ते चांगले रुजले होते. साबेल्लियस नावाचा एक शिक्षक तसे शिकवायचा. इ. स. २२०च्या सुमारास रोमच्या बिशपांनी, कॅलिस्टस यांनी, त्याला मंडळीबाहेर काढले. इतक्या जुन्या काळी बाद झालेला माल आपण नव्या वेष्टनात खपवतोय, याची त्या यूट्यूबवाल्याला कल्पनाही नसेल.

यात बिघडते काय, ते मुलीलाच शोधू द्या. बायबल काढा, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, अगदी शेवटच्या दोन ओळी. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो आहे. आत्मा कबुतरासारखा त्याच्यावर उतरतो आहे. आणि आकाशातून आवाज येतो आहे की हा माझा पुत्र, मला परमप्रिय. आता तिला विचारा, यात किती जण आहेत, आणि एकाच वेळी आहेत की एकापाठोपाठ एक? तेच पाणी एकाच क्षणी बर्फ होऊन वाफेशी बोलत नाही. क्रुसावर तर आणखी पंचाईत होते. "माझ्या देवा, तू मला का सोडलेस" हे येशू कुणाला म्हणाला? बर्फाचे उदाहरण धरले तर तो नाटक करत होता असे म्हणावे लागते, किंवा पिताच क्रुसावर मेला असे. प्राक्सियास नावाच्या एकाने अशाच धाटणीचे मत मांडले, तेव्हा कार्थेजच्या तर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने त्याला टोमणा मारला होता की या माणसाने पित्यालाच क्रुसावर चढवले! तर्तुल्यान जिभेचा फार तिखट होता. त्याच्याशी वाद घालायची पाळी माझ्यावर आली नाही हे माझे नशीब.

मग हे तीन आले कुठून? पुष्कळांना, ख्रिस्ती लोकांनासुद्धा, असे वाटते की पंडितांनी कुठल्याशा परिषदेत बसून हे कोडे घातले. घडले ते उलट्या क्रमाने. पहिले ख्रिस्ती सगळे यहुदी होते. "परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच" हे वचन ते रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचे. एका देवाखातर त्यांच्या पूर्वजांनी मरण पत्करले होते. नासरेथच्या सुताराला देव म्हणणे त्यांच्या कानाला कसे लागले असेल, याचा विचार करा. आणि अशाच लोकांनी येशूला प्रभू म्हणायला सुरुवात केली. तोमा नावाचा शिष्य त्याच्या जखमांसमोर उभा राहून "माझ्या प्रभू, माझ्या देवा" म्हणाला. पौलाने करिंथकरांना पहिले पत्र लिहिले ते इ. स. ५५च्या आसपास, म्हणजे क्रुसाला पंचवीस वर्षेही नीट झाली नव्हती. त्या पत्रात तो यहुद्यांचे तेच "एकच देव" हे वचन घेतो आणि त्याच्या आतच पित्याच्या शेजारी येशूला बसवतो. एकाचे दोन केले असे त्याला कुठेही वाटत नाही.

बाहेरच्या माणसाची साक्षही आहे. इ. स. ११२च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियात, प्लिनी नावाचा रोमन सुभेदार या नव्या पंथाची चौकशी करत होता. माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला; त्या मंडळीत सेविका होत्या. सम्राट ट्राजनला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिले की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती आळीपाळीने गातात. तेव्हा ना परिषद झाली होती, ना त्रैक्य, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र आणि आत्मा, या शिकवणीला नाव मिळाले होते. त्या दोघींना त्रैक्याची व्याख्या विचारली असती तर सांगता आली नसती. पण पहाटे उठून त्या कुणाच्या नावाने गातात हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या सगळ्यातून मला सांगायचे आहे ते एवढेच: ख्रिस्ती माणसांनी प्रार्थना आधी केली आणि तिचा अर्थ लावायला मागाहून बसले. देव एकच, हे सोडायचे नाही. येशूपुढे गुडघे टेकतो, तेही सोडायचे नाही. आणि ज्या आत्म्यामुळे "बापा" अशी हाक तोंडून निघते, तो देवाचे पाठवलेले नुसते वारे आहे असेही म्हणायचे नाही. तिन्ही गोष्टी धरून ठेवल्यामुळे पुढची पावणेतीनशे वर्षे भांडणात गेली.

त्यातले मोठे भांडण आरियसचे. हा अलेक्झांड्रियाचा पाद्री, साधा राहणारा, लोकांना आवडणारा. त्याचे म्हणणे सरळ होते: बाप आधी, मुलगा नंतर. म्हणजे पुत्र नव्हता असा काळ होता. म्हणजे पुत्र सगळ्यांत थोर खरा, पण शेवटी निर्मिलेलाच. त्याने म्हणे खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी गाणी रचली आणि आपले मत बंदरा-बंदरांत पोचवले. इ. स. ३२५मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसीयाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांना बोलावले. परंपरा ३१८ बिशप सांगते. त्यांनी ठरवले की पुत्र निर्माण केलेला नाही, पित्यापासून जन्मलेला आहे आणि पित्याच्याच तत्त्वाचा आहे. २०२५ साली या गोष्टीला १७०० वर्षे झाली. पण ठराव झाला म्हणून भांडण मिटले असे कुठल्या पंचायतीत तरी होते का? पुढे पन्नासहून अधिक वर्षे ते चालले. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस नायसीयाच्या बाजूने ठाम राहिला, म्हणून त्याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. ३८१मध्ये कॉन्स्टंटिनोपलला दुसरी परिषद भरली, तेव्हा कुठे हे बहुतेक मिटले. मिस्सात जे वाक्य म्हणतात ते मुख्यतः तिथले.

त्या दिवसांतल्या कॉन्स्टंटिनोपलचे वर्णन निस्साच्या ग्रेगरीने केले आहे, ते वाचून मला दर वेळी हसू येते. सुटे पैसे मागा, तर दुकानदार पुत्र जन्मलेला की न जन्मलेला यावर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारा, तर उत्तर मिळते, पिता मोठा आणि पुत्र त्याच्याखाली. पाणी तापले का विचारा, तर हमामातला गडी सांगतो की पुत्र शून्यातून घडवलेला आहे. ग्रेगरी वैतागून लिहितो, पण मला ते शहर आवडते. "असल्या चौकशा करायच्या नसतात" असे तिथे कुणी कुणाला म्हणत नव्हते.

एवढा जीव काढण्यासारखे त्यात होते काय? अथनासियसचे म्हणणे मला तरी पूर्ण पटते. क्रुसावर जो मेला तो देवाने निर्माण केलेला कुणी असेल, तर देवाने माणसांसाठी दुःख सोसायला दुसऱ्याच कुणाला तरी पुढे केले. स्वतः वर सुरक्षित राहिला. अशा देवाची भीती वाटेल, पण त्याच्यावर प्रेम कसे जडेल? "देव स्वतः आला" असे म्हणायचे असेल तर जो आला तो पुरता देवच असला पाहिजे. ख्रिस्ती माणसाचा देवाविषयीचा सगळा समज या एका गोष्टीवर उभा आहे. बाकीचे, म्हणजे तो सर्वशक्तिमान, अनादि, न बदलणारा वगैरे, ते इतर धर्मांतही आहे.

आता बाग. गेथशेमाने, येशू पकडला गेला ती.

लेकीच्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही तिला द्या. एक असे की येशू खराखुरा माणूस होता. माणसाचे सोंग घेतलेला देव नव्हे. त्या रात्री त्याला भीती वाटत होती, घाम फुटला होता, सोबतीला आणलेले मित्र झोपी गेले होते. अशा वेळी माणूस करतो तेच त्याने केले: हा प्याला टळता आला तर बघ, म्हणाला. आणि मग म्हणाला, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.

या एका वाक्यापायी एका म्हाताऱ्याने जीभ गमावली, हे फार थोड्यांना माहीत असते. सातव्या शतकात कॉन्स्टंटिनोपलच्या दरबाराला राज्यात एकी हवी होती. ख्रिस्ताला इच्छा एकच होती, असे म्हटले की भांडणारे गट एकत्र येतील, असा हिशोब होता. नंतर तर या विषयावर बोलायचेच नाही असा हुकूम निघाला. मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने तो मानला नाही. त्याचे म्हणणे: येशूला माणसाची स्वतःची इच्छाच नव्हती, तर बागेत "माझी इच्छा" म्हणाला ती कुणाची? माणसाची इच्छा भ्याली, कचरली, आणि तिनेच शेवटी होकार दिला. तो होकार खरा नसेल तर आपल्याला त्याचा काय उपयोग? ६६२मध्ये, वय ऐंशीच्या पुढे असताना, त्याची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला काळ्या समुद्राच्या पलीकडे पाठवले. त्याच वर्षी तो मेला. पुढे ६८०-८१च्या परिषदेने त्याचेच म्हणणे मान्य केले. तुमची लेक जिथे अडली आहे ना, तिथेच तो अडून बसला होता. हे तिला जरूर सांगा. जिभेचे सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या अनुभवात नऊ वर्षांच्या मुलांना असल्या गोष्टी आपल्यापेक्षा नीट झेपतात.

दुसरे उत्तर असे की येशूचे पित्याशी बोलणे काही त्या रात्री सुरू झाले नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, पकडला जाण्याआधी तो एक मोठी प्रार्थना करतो. तिच्यात तो पित्याला म्हणतो, जग होण्यापूर्वीच तू माझ्यावर प्रीती केलीस. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिले आहे की देव प्रीती आहे. प्रीती करतो एवढेच नव्हे, तोच प्रीती आहे. आता तुम्ही म्हणाल, जग नव्हते, माणूस नव्हता, तेव्हा हा देव प्रीती कुणावर करत होता? बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातला रिचर्ड नेमका हाच धागा धरून बसला. प्रीतीला दुसरा लागतो, आणि ती पुरी व्हायची तर दोघांनी मिळून जिच्यावर प्रीती करावी अशी तिसरी व्यक्तीही लागते, असे तो म्हणतो. हा युक्तिवाद झाला, त्याने गणितासारखे काही सिद्ध होत नाही. पण ख्रिस्ती माणूस देवाकडे कसा बघतो ते त्यातून चांगले कळते. एकटेपणा घालवायला देवाने आपल्याला केले असे तो मानत नाही. देवातच बोलणे आहे, ऐकणे आहे, देणे-घेणे आहे, आणि ते सदाचेच आहे. बागेत शिष्यांना ऐकू आले ते त्याच बोलण्यातले, फक्त माणसाच्या गळ्यातून, घाबऱ्या आवाजात.

तेव्हा स्वतःलाच का? नाही. पित्याला. आणि तरी देव दोन होत नाहीत, कारण पित्यात जे देवपण आहे तेच, वाटणी न होता, पुत्रात आहे आणि आत्म्यात आहे. हे डोक्यात पुरते बसत नाही ना? ऑगस्टीनने या विषयावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला, वीसेक वर्षे घालवून, आणि त्यात चक्क लिहिले की आपण "तीन व्यक्ती" म्हणतो ते यथार्थ सांगता येते म्हणून नव्हे, गप्प बसायचे नाही म्हणून. समुद्रकिनारी शिंपल्याने पाणी खळग्यात भरणाऱ्या मुलाची त्याची गोष्ट (समुद्र खळग्यात मावत नाही, तसा देव डोक्यात मावत नाही, अशी) सिस्टर कधीतरी सांगतीलच. गोंडस आहे, पण ती पुष्कळ नंतरची दंतकथा आहे, त्याच्या ग्रंथात नाही. मला ती आवडत नाही, कारण ती बहुधा पोरांची तोंडे बंद करायला वापरतात, आणि ऑगस्टीन स्वतः काही गप्प बसला नव्हता.

आता तुमचे दत्तगुरू. तुम्ही भीतभीत विचारलेत, पण यात भिण्यासारखे काही नाही. फक्त दत्त म्हणजेच त्रैक्य असे सांगू नका. अत्री-अनसूयेच्या कथेत तीन देव वेगवेगळे आहेत आणि ते एका रूपात येतात. तिघांची कामे आपण लहानपणापासून ऐकतो: एक घडवणारा, एक सांभाळणारा, एक लय करणारा. ख्रिस्ती शिकवणीत कामांची अशी वाटणी नाही. जग निर्माण केले ते तिघांनी, तारण करतात ते तिघे, पवित्र करतात तेही तिघे. फरक फक्त त्यांच्या आपसातल्या नात्यात आहे. पुत्र पित्यापासून आहे, आत्मा पित्यापासून (आणि कॅथलिक म्हणतात, पुत्रापासूनही) निघतो, पिता कुणापासून नाही. बस्स. शिवाय ते कधी वेगळे नव्हतेच, म्हणून एकत्र येण्याचाही प्रश्न नाही. दोन्हीकडे तीन हा आकडा आहे, पण दोन्हींचा भाव वेगळा. दत्ताची गोष्ट आजोबांच्या तोंडून, आजोबांची म्हणून, तिला जरूर ऐकू द्या. ती दुसऱ्या कशाचे तरी उदाहरण करून सांगितली तर आजोबांवर अन्याय होतो आणि सिस्टरांवरही.

आपल्या देशातल्या ख्रिस्ती विचारवंतांनीही जोडणी केली ती बहुधा त्रिमूर्तीशी नव्हे. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय भगवी वस्त्रे घालणारे कॅथलिक संन्यासी होते. त्यांनी १८९८मध्ये सच्चिदानंदाला वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले: सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे आत्मा. स्तोत्र सुंदर आहे, आजही गातात. मला त्यात एक गोष्ट खुपते. सत्, चित् आणि आनंद एकमेकांशी बोलत नाहीत. बागेतली रात्र त्यात बसवायची कुठे?

आणि खोटेपणाचे. ताई, याबाबतीत तुम्हाला मराठी मातीतलीच एक मोठी सोबत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दोन वर्षांतच, चेल्टनहॅमला शिकत असताना, त्यांनी आपल्या दोघी मायलेकींना आसरा देणाऱ्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद मांडला. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, सगळ्यावर. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता दुसरे घेणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी कळवले. लहानग्या लेकीच्या, मनोरमेच्या, धर्मशिक्षणावरूनही दोघींचे खटके उडाले. म्हणजे आईला न पटलेले मुलीला शिकवावे का, हा तुमचा प्रश्न १८८५ सालीही होता, आणि तो विचारणारी बाई बाप्तिस्मा घेतलेली होती! पुढे रमाबाईंची श्रद्धा खोल होत गेली. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले, ते काम हातावेगळे केले आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पण जे स्वीकारले ते स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. त्या पत्रांतली बाई आणि केडगावची बाई एकच आहे, एवढे मला कळते.

शिकवणे आणि कबुली देणे यांत फरक आहे. "तुझ्या बाबांच्या धर्मात असे मानतात, आणि ते असे मानण्याचे कारण हे" असे तुम्ही सांगितलेत तर त्यात खोटे काहीच नाही. "आई, तू मानतेस का?" असे तिने विचारले तर खरे सांगा. मुलांना आईबापांचे मतभेद झेपतात, लपवाछपवी झेपत नाही.

पण मला तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट टोचली. कॅथलिक नियमानुसार, अशा लग्नात मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्यासाठी होईल तेवढे करीन असा शब्द कॅथलिक जोडीदाराने द्यायचा असतो. दुसऱ्याला त्या शब्दाची फक्त कल्पना द्यायची असते, त्याच्याकडून तसे वचन घेत नाहीत. म्हणजे शब्द दिला तुमच्या यजमानांनी, आणि अभ्यास घेताय तुम्ही! शिफ्ट मलाही कळते. पण आठवड्यातून एक संध्याकाळ, कॅटेकिझमचे पुस्तक घेऊन, बाप-लेक समोरासमोर. त्यांना उत्तरे येत नसतील तर आणखी बरे. लेकीपुढे "मला माहीत नाही, फादरांना विचारू" म्हणणारा बाप पुष्कळ काही शिकवून जातो. आणि बागेतला प्रश्न घेऊन तिघांनी एकदा फादरांकडे जाच. चांगले फादर असतील तर खूश होतील.

सासूबाईंवर रागावू नका. मी नगरकडची मिशनवाली, म्हणजे प्रोटेस्टंट. मारियाभक्ती आणि पोप यांवरून माझे आणि त्यांचे सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडण होईल, पण त्रैक्यावर आमचे एकमत आहे. त्या रोज रोजरी, म्हणजे मारियेची जपमाळ, म्हणत असतील. तिच्यात दहा-दहा मण्यांच्या प्रत्येक दशकानंतर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची स्तुती येते, म्हणजे एका संध्याकाळी पाच वेळा. प्लिनीने पकडलेल्या त्या दोन दासींसारख्याच त्या आहेत: गाणे पक्के, व्याख्या नाही. त्यांना स्पष्टीकरण मागू नका. नातीला त्यांच्याजवळ बसवा आणि "आजी, तू प्रार्थना करतेस तेव्हा कुणाशी बोलतेस, देवबापाशी की येशूशी?" एवढेच विचारायला सांगा. चौकशी वाटणार नाही असा हा प्रश्न आहे, आणि उत्तर काय येते ते मलाही ऐकायला आवडेल.

राहिला तो मिस्सातला प्रश्न. ते वाक्य सुरू होईल तेव्हा सगळ्यांबरोबर उभ्या राहा आणि गप्प राहा. तोंड हलवायची गरज नाही, कुणी बघतही नाही. तुम्हाला ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. लेकीसोबत वेदीपाशी जायचे झाले तर रांगेत उभ्या राहून नुसता आशीर्वाद घेता येतो का, हे फादरांना आठवडाभर आधी विचारून ठेवा. काही ठिकाणी तशी पद्धत आहे, काही ठिकाणी नाही. आणि तुमच्या आईवडिलांना शिरोळहून बोलवा. चांगली दोन दिवस आधी बोलवा, फ्रॉकची खरेदी नाहीतर शेवटच्या दिवशी तुमच्यावरच पडेल.

तुमची,
बाई